लेकीचा वाढदिवस, साडेचार तास मागे

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, गंगाखेडात बसून परदेशातल्या वाढदिवसाचं आपल्याला काय? पण आपल्या गटांमधल्या मुली आता परभणी, नांदेड, पुणे करत करत त्याच्या पुढे निघाल्यात. कुणी सरकारी शिष्यवृत्तीवर गेली, कुणी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून. मुलगी पोचली, खोली मिळाली, थंडीचे कपडे घेतले, इथवर आई धीर धरते. मग पहिला वाढदिवस येतो आणि त्या दिवशी तिला कळतं की लेक खरंच लांब गेली. म्हणून आज या एका दिवसाबद्दलच बोलू.

हे दुःख नवं नाही, एवढं आधी सांगतो. आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना, लग्नानंतरची आनंदी. नवव्या वर्षी लग्न झालं, कोवळ्या वयात बाळंतीण झाली, बाळ दहा दिवसांत गेलं. बायकांना बाईच डॉक्टर मिळाली पाहिजे, हे तिच्या मनाने तिथून घेतलं. १८८३ साली ३१ मार्चला तिला अठरा वर्षं पूर्ण झाली, आणि पुढच्याच आठवड्यात, ७ एप्रिलला, ती कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नव्हता, माहेरचं कुणी नव्हतं. न्यूयॉर्कला पोचली ४ जूनला. म्हणजे जवळजवळ दोन महिने नुसता प्रवास.

आता हिशोब करा. माणसाला पोचायला दोन महिने लागतात, तर बोटीने जाणाऱ्या पत्रालाही आठवडे लागणारच. ३१ मार्चला लेकीच्या हातात आशीर्वाद पडावा असं वाटलं, तर इकडे फेब्रुवारीतच पत्र टाकायला हवं. उत्तर येईपर्यंत आपल्याकडे वैशाखाचं ऊन तापलेलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात ती शिकली, आणि अमेरिकेत तिचे तीन वाढदिवस गेले: १८८४, १८८५ आणि १८८६.

त्यातला पहिला, १८८४ चा, आम्हाला फार वेगळा वाटतो. त्याचं कारण पंचांगात आहे. आपल्या आज्या वाढदिवस तिथीने धरायच्या, तारखेने नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्ष ३६५ चं. म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकते, मग अधिक महिना येऊन तिला पुन्हा पुढे ढकलतो. अशी सरकत सरकत तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा एका जागी येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. तुमचा एकोणिसावा किंवा अडतिसावा वाढदिवस जुन्या पंचांगात शोधून बघा. आनंदीबाईंना परदेशात गेल्यावरचा पहिलाच वाढदिवस लागला तो एकोणिसावा. आईच्या तिथीचा आणि कॉलेजच्या तारखेचा दिवस जवळजवळ एकच, आणि त्या दिवशी ती तिथे, थंडीत, धूर कोंडणाऱ्या चुलाण्याच्या खोलीत राहून शिकत होती.

तिला तिथे आधार होता तो कार्पेंटरबाईंचा. या बाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत बसल्या असताना त्यांनी एका मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं, पत्र छापलेलं वाचलं आणि ओळख ना पाळख, लिहायला बसल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. बोटीवरून उतरल्यावर पहिल्यांदा घर मिळालं ते याच मावशीचं. परदेशात गेलेल्या मुलीला अशी एक मावशी लागतेच. ती नात्याची असेल असं नाही, जातीची नाही, भाषेचीही नाही. आपण मुलीला पाठवताना लोणच्याची बरणी बांधून देतो, पण तिथे तुझ्याकडे कोण बघणार हे विचारायचं राहून जातं.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, आणि पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्यानंतर वीस दिवसांनी एकविसावा वाढदिवस. या वेळी नावापुढे डॉक्टर लागलेलं. बाविसावा मात्र आला नाही. क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन ती परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. वाढदिवसाला जेमतेम महिना राहिला होता. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्यांनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी ठेवली. मावशीचं नातं म्हणतो ते हे असं.

आणखी एक तारीख तर आपल्या वस्तीवस्तीत पाठ आहे. १४ एप्रिलला गंगाखेडात मिरवणूक निघते, निळे झेंडे लागतात, रात्रभर गाणी चालतात. पण १४ एप्रिल १९१४ ला ज्यांचा हा दिवस, ते बाबासाहेब न्यूयॉर्कात तेवीस वर्षांचे झाले. आदल्या वर्षीच्या जुलैत ते कोलंबिया विद्यापीठात पोचले होते, बडोद्याच्या महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यातूनच राहायचं, खायचं, पुस्तकं घ्यायची. घरी रमाई. आज त्यांच्याच पायवाटेने जाणाऱ्या मुलामुलींना राज्याचा समाजकल्याण विभाग राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देतो, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. ज्यांच्या घरात हुशार लेकरू आहे, त्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षालाच चौकशी सुरू करावी. निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

आता आपल्या काळाकडे या. आमच्या एका गटातल्या ताई आहेत, नाव सांगत नाही. शिलाई मशीन चालवतात, नवरा आठ वर्षांपूर्वी वारला. मुलगी जर्मनीत शिकायला गेली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते किंवा अगदी थोडी असते, पण राहण्याखाण्याचे पैसे आधी एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सध्या वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे आपले दहा लाखांच्या वर. ते खातं मुलीला महिन्याला ९९२ युरोच काढू देतं. खोलीचं भाडं, विमा, खाणं, सगळं त्यात. म्हणून तिकडची लेक वाढदिवसाला काय करते असं विचारलं आणि ती काही नाही म्हणाली, तर ती रुसलेली आहे असं लगेच समजू नका. ती पैसे मोजत असते.

मुलीचा वाढदिवस नोव्हेंबरात. ताईंनी रात्री बाराला फोन लावायचं ठरवलं. घड्याळात बारा वाजले, फोन लागला, ताई म्हणाल्या, बाळा वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि तिकडून लेक घाबरून म्हणाली, आई, आत्ता नको, इथे अजून आदला दिवस आहे!

तिचं बरोबर होतं. पृथ्वी फिरते, सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, जर्मनीत नंतर. थंडीच्या दिवसांत जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. इथे रात्रीचे बारा, तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. आणि जर्मन लोकांत अशी समजूत आहे की वाढदिवस उजाडायच्या आधी शुभेच्छा दिल्या तर ते अपशकुनाचं असतं. शेजारच्या खोलीतल्या जर्मन मैत्रिणीने कान टवकारले होते म्हणून मुलगी घाबरली. आम्हाला हे ऐकून हसू आलं. मांजर आडवं गेलं तर थांबणारे आपणच आहोत असं वाटायचं, तेही काही कमी नाहीत.

मग तिथले बारा कधी वाजणार? आपल्या पहाटे साडेचारला. ताई म्हणाल्या, एवढंच ना, ती तर माझी उठायचीच वेळ आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायच्या आधी त्यांनी फोन केला.

इथे एक गोम आहे, ती लक्षात ठेवा. युरोपात आणि अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ फिरवतात. उन्हाळ्यात तासभर पुढे, हिवाळ्यात परत मागे. युरोपात हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. इंग्लंड हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेचा न्यूयॉर्ककडचा भाग हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे जुलैत वाढदिवस असेल तर तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्या सकाळचे साडेनऊ, तुम्ही शेतात किंवा बाजारात असाल. ऑस्ट्रेलिया मात्र उलट, ती आपल्या पुढे. मेलबर्नला मुलगी असेल तर तिचा वाढदिवस आपल्या आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, तिथे रात्री बाराला फोन करायचा तर आपले साडेसात किंवा ऋतूप्रमाणे साडेसहा. पाठ करायची गरज नाही. मोबाइलच्या घड्याळात जगातल्या शहरांची वेळ दिसायची सोय असते. मुलीच्या शहराचं नाव तिथे घालून ठेवा, गटातली कोणतीही दहावीची पोर करून देईल.

ओवाळायचं कसं, हा त्याहून नाजूक प्रश्न. आपल्याकडे पाट मांडायचा, पूर्वेकडे तोंड, कुंकू-अक्षता, तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी. पाहुण्यांच्या केकवरची मेणबत्ती फुंकायची म्हटलं की आपल्या सासवांचा जीव खालीवर होतो, कारण आपण दिवा लावतो, विझवत नाही. परदेशातल्या वसतिगृहांत दोन्ही करता येत नाहीत. बहुतेक ठिकाणी खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन पेटवायला मनाई असते. छताला धुराचं यंत्र बसवलेलं असतं, ते फोडणीच्या धुरानेही कोकलतं आणि सगळी इमारत रस्त्यावर येते. यंत्रावर फडकं बांधायची युक्ती कुणी सांगितली तर मुलीला ठाम नाही म्हणा, दंड होतो आणि आग लागली तर जीव जातो.

दिवा इथे लावायचा. फोन पाटावर डब्याला टेकवून ठेवायचा, मुलीचा चेहरा समोर, आणि इथूनच ओवाळायचं. मुलीने तिथे पाणी पिऊन काहीतरी गोड तोंडात घालायचं. रवा जगात कुठेही मिळतो, शिरा होतो. बस.

पण त्या ताईंच्या घरात अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. जाऊबाई म्हणाल्या, पहिला परदेशातला वाढदिवस आहे, तुम्ही नका ओवाळू, धाकटी ओवाळेल. कारण काय, ताई विधवा आहेत. आठ वर्षं मशीनवर कंबर मोडून जिने लेकीला शिकवलं, तिच्या हातचा दिवा अपशकुनी? आम्ही त्या घरी गेलो तेव्हा भांडण केलं नाही. जाऊबाईंना एवढंच विचारलं की कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही कुणाची आहे. त्या गप्प बसल्या.

मैत्रिणींनो, ही प्रथा काही वेदवाक्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत, आणि तिला कार्यातून बाजूला बसवायचं नाही. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येतो, गटाने मिळून अर्ज द्या. आमचं मत स्पष्ट आहे. लेकराला ओवाळायचा पहिला मान आईचा, कपाळावर कुंकू असो वा नसो. त्या पहाटे ताईंनीच ओवाळलं. जाऊबाई मागे तबक धरून उभ्या होत्या.

खाऊ पाठवायचा असेल तर जरा थांबा. युरोपात बाहेरच्या देशांतून पार्सलने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत, जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून. म्हणजे पेढे, कलाकंद, खव्याची पोळी बाद. तूपही दुधाचंच, तेव्हा तुपातल्या लाडवांचाही मोह नको. ऑस्ट्रेलिया बियाणं, फळं, दुधाचं या सगळ्याला फार कडक आहे. पोस्टात कस्टमचा कागद भरताना डब्यात काय आहे ते खरं लिहा. कपडे लिहून आत लाडू ठेवले तर पार्सल अडकतं आणि भोगावं लागतं मुलीला. शेंगदाण्याची चटणी आपल्याला जीव की प्राण, पण तिकडे काहींना शेंगदाण्याची इतकी वावडं असतं की घास पोटात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून मुलीला सांगा, वर्गात वाटण्याआधी विचार. आणि हो, जर्मनीत वाढदिवस ज्याचा, त्यानेच इतरांसाठी केक न्यायचा असतो. ताईंच्या लेकीने केक विकत न घेता शिरा करून नेला. त्यातले दोन डबे रिकामे परत आले म्हणे.

वजनाला हलकं आणि कुठलाही कस्टमवाला न अडवणारं काही पाठवायचं असेल तर हाताने लिहिलेलं पत्र पाठवा. फोन बोलून संपतो. पत्र मुलगी पुस्तकात ठेवते. लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोरीला सांगून लिहवून घ्या आणि खाली आपली सही किंवा अंगठा आपणच करा.

एक सावधगिरी, आणि ही फार गरजेची. मुलगी परदेशात आहे हे गावभर झालं की फोन येतात: तुमच्या मुलीने वाढदिवसाची भेट पाठवलीय, विमानतळावर कस्टमने अडवलीय, सोडवायला एवढे हजार भरा. कधी म्हणतात, मुलगी पोलिसांच्या ताब्यात आहे, कुणाला सांगू नका, व्हिडिओवरून उठू नका. सगळं खोटं. कस्टमवाले असे कुणाच्या खात्यात फोनवरून पैसे मागत नाहीत, आणि फोनवर अटक करायची तरतूद आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवायचा, मुलीला स्वतः फोन लावायचा. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच गोठवली जायची आशा जास्त. गटाच्या बचतीतून अशा कामासाठी कुणी घाईने पैसे मागितले तर अध्यक्ष-सचिवांनी आधी मुलीशी बोलणं करून घ्यावं.

शेवटचं, कागदाचं. आपल्या गटाच्या वहीत बघा, कितीतरी जणींची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी. आपण सगळ्या एकाच दिवशी जन्मलो नाही. शाळेत घालताना गुरुजींनी जूनची तारीख लावली, आधारच्या वेळी नुसतं वर्ष सांगितलं तर यंत्राने १ जानेवारी लावली. आपलं निभावलं. मुलींचं निभावणार नाही. पासपोर्ट, शाळेचा दाखला, आधार, विद्यापीठाचा अर्ज, व्हिसा, या सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर एकच लागते. एकीकडे आईने सांगितलेली तारीख आणि दुसरीकडे गुरुजींची असेल तर आधी ती जुळवून घ्यावी लागते, त्यात महिने जातात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना तर पासपोर्टसाठी जन्माचा दाखलाच चालतो, दुसरा कागद नाही. त्याआधीच्यांना शाळा सोडल्याचा दाखला वगैरे चालतो.

बाळ जन्मलं की २१ दिवसांच्या आत नोंद करायची. घरी बाळंतपण झालं तर आपणच ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन, दवाखान्यात झालं तर नोंद दवाखान्याकडून जाते, पण गेली का ते विचारायचं. उशीर झाला तर दंड आणि परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावर बाळाचं नाव घालायचं पुष्कळदा राहून जातं, कारण बारसं नंतर होतं. ते नाव नंतर घालून घेता येतं, तेही लवकर करा.

पुढच्या बैठकीला येताना सुना-मुलींच्या लेकरांचे दाखले सोबत आणा. नाव राहिलंय, तारीख चुकलीय, दाखलाच नाही, अशा तीन याद्या करू आणि एकाच दिवशी सगळ्या मिळून नगरपरिषदेत जाऊ. एकटीला उद्या या म्हणतात, वीस जणी गेल्या की आजच होतं.